श्रावणात सोडलेली गोळी

शहापूर
४ ऑगस्ट २०२५

चि. भगीरथ यास,
ताईचे आशीर्वाद. तू फोन कापतोस, म्हणून पत्र.

तुझ्या दिपिकाकडून कळलं की श्रावण लागल्यापासून तू प्रेशरची गोळी सोडलीस. उपाशी पेशी स्वतःचा कचरा स्वतःच खाते, मग औषध कशाला, असं देवळासमोर सगळ्यांना ऐकवतोस. वर मुलीचं नाव पुढे! ती पाच वर्षं प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांच्या पेशी तपासते आणि तू सुटीतल्या गप्पांतलं तिचं एक वाक्य उचलून वैद्य झालास?

पुढचं वाक्य तिलाच विचारून लिहिते. रक्ताचा रेटा नळीच्या भिंतीतल्या पेशींना सतत जाणवतो. प्रवाह सरळ, संथ असला की पेशी आपली मोडतोड नीट पचवते. दाबाने भिंत ताणली गेली की हीच सफाई बिघडते. कुठे थंडावते, कुठे अति होते. मग भिंत निबर होते, घाण धरते. म्हणजे सफाई बिघडवणारा दाब उतरवणारी गोळीच तू फेकलीस! एकतीस वर्षं नर्स होते, असला शहाणा वॉर्डात पाहिला नाही. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अर्ध्या उत्तराला शून्य देत.

जिवलीला आशीर्वाद. रागाखाली माया आहे, ती ओळख.
प्रेमाताई

मुरबाड
८ ऑगस्ट

ती. ताईस,
भगीरथ-जिवलीचा नमस्कार. भाताची लावणी आटपली. मला काय नाय झालं, उलट हलकं वाटतं. पाण्याचा घोट घेतला तरी उपास मोडतो, मग गोळी गिळू कशी? माझं ऐकून शेजारच्या धर्मानंही सोडली, तो तर टेकडी चढून दाखवतो.

ताई, तू शिकलीस, आमी गुरांमागं फिरलो. पोरगी तिच्या कामाचं पहिल्यांदा माझ्याशी बोलली आणि मला ते समजलं गो! ते तुला नाय कळायचं.

ओरडलीस तरी लोभ सोडू नको.
भगीरथ

मुरबाड
१६ ऑगस्ट

ती. ताईस,
फोनवर बोलवेना. मंगळवारी धर्माचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलत नाय. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळी कोणी बंद केली. त्याची बायको लहानी म्हणाली, मला ठाऊक नाय. मी तिथंच उभा होतो, माझं नाव सांगितलं नाय. माझा दाब एकशे नव्वद निघाला. गोळी सुरू केली.

तूच येऊन लहानीला समजाव. तू नर्स, तुझं ऐकेल.
भगीरथ

शहापूर
१९ ऑगस्ट

चि. भगीरथ,
आशीर्वाद. मी समजावणार नाही. मी बोलले तर लहानीला वाटेल, आजारच तसा होता. तू बोललास तरच तिला खरं कळेल, की गोळी तुझ्यामुळे सुटली. त्यात दिपिकाचं नाव काढायचं नाही, श्रावणाचंही नाही. तुझ्या सांगण्यावरून आणखी कोणी गोळी सोडली असेल, तर त्या प्रत्येक दारात आधी जा. ते लहानीपेक्षाही तातडीचं आहे.

गुरुवारी सकाळी पोहोचते. लहानीच्या ओट्यावर तुझ्या शेजारी बसेन. ती शिव्या देईल, त्या तू ऐकायच्या. मध्ये पडणार नाही, पण उठूनही जाणार नाही.

तुझीच,
प्रेमाताई