दूरची भगिनी

१ सप्टेंबर, रविवार

यांच्या ऑनलाइन उपासनेला सतरा जण! त्यातल्या दोघी आमच्याच घरातल्या — मी स्वयंपाकघरातून, सासूबाई त्यांच्या खोलीतून. यांनी तासभर उपदेश केला तो भिंतीला. खाली एक 'आमेन' लिहिलं असतं तर कुणाची बोटं झिजली असती का? मागे दोरीवर यांचा बनियन वाळत होता, तो मात्र सगळ्यांनी नीट पाहिला.

हॉलमध्ये बसून ऑनलाइन मंडळी उभी राहायची नाही. सासूबाईंच्या खोलीत काय सुरेख उजेड येतो! आणि तिथे मुक्कामाला कोण? त्या आणि त्यांचा खोकला.

३ सप्टेंबर, मंगळवार

जुन्या फोनमध्ये नवं कार्ड घातलं. मंडळीच्या ग्रुपवर नाव घेतलं 'दूरची भगिनी'. परगावी असते, विधवा, आवाज कायमचा बसलेला — म्हणजे बोलायची भानगड नको. लगेच लिहिलं, 'पाळकसाहेब, आपल्या शब्दांनी मला पुन्हा उभं केलं.' यांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं! बायको कौतुक करते तेव्हा यांना ऐकू येत नाही.

फोन साखरेच्या डब्यामागे.

८ सप्टेंबर, रविवार

एकतीस. भगिनीनं 'आमेन' लिहिलं की पाठोपाठ सगळ्यांचं येतं. मेंढरंच ती.

सासूबाईंनी भगिनीला वेगळा निरोप पाठवला. 'तुम्ही एकट्या, मीही एकटीच. घरात माणसं आहेत हो, पण.' पणच्या पुढे काही नाही. माझ्यावरच आहे ते, कळतं मला. चहा देताना कप जरा आपटलाच.

११ सप्टेंबर, बुधवार

रोज अकराला डब्यामागे टिंग! गुडघा, झोप, तरुणपणी गायलेली गीतं. आज भगिनीनं लिहिलं, 'जपा हं ताई. गरम पाण्यानं शेका.' दहा मिनिटांत बाई रबरी पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. "अगं, एका बहिणीनं शेकायला सांगितलंय."

"मग तिलाच सांगा पाणी तापवायला."

गेल्या पिशवी घेऊन परत. मला हसू आवरेना.

१५ सप्टेंबर, रविवार

चौसष्ट! हे म्हणाले, "एक वेगळी खोली असती तर..." आईपुढे यांची दातखीळ बसते. सासूबाईंना ठेवून घ्यायचं म्हटल्यावर जाऊबाईंनी केव्हाच हात झटकले. वाईटपणा घ्यायला मी आहेच.

पण मी कशाला? भगिनी सांगेल की!

१९ सप्टेंबर, गुरुवार

लिहिलं — 'ताई, मी वृद्धाश्रमात राहते. इथे बाग आहे, बायकांची सोबत आहे. घरातली माझी खोली प्रभूच्या कामाला दिली आणि मन किती हलकं झालं! तुम्हीही विचार करा ना. माया आहे म्हणून बोलते.' ते शेवटचं वाक्य दोनदा खोडलं. तरी लिहिलं.

दुपारभर टिंग नाही. चार वाजता आलं. 'इतक्या मायेनं सांगताय, तर जाते.'

जमलं!

२३ सप्टेंबर, सोमवार

आपणहून बोलल्या यांच्याशी. "मला आश्रमात ठेव रे. खोली देवाच्या कामाला घे." हे रडले. मग डोळे पुसून म्हणाले, येत्या रविवारी आईच्या त्यागाची ही साक्ष उपासनेत सांगतो!

बॅग मीच भरली. दोन स्वेटर, बायबल, भिंग. त्या कॉटवर बसलेल्या असतानाच रंगाऱ्याला आत बोलावून भिंतीची मापं घ्यायला लावली. त्याला म्हणतात, "निळा द्या. माझ्या मुलाच्या मागे निळा खुलतो." निळाच देणार होते मी. आता क्रीम देते.

२९ सप्टेंबर, रविवार

खोलीतली पहिली उपासना. दोनशे अकरा!! सासूबाई गुरुवारी आश्रमात गेल्या. तिथल्या नर्सनं त्यांनाही जोडून दिलं होतं.

भगिनीचं काम संपलं. किती दिवस तो फोन सांभाळायचा? उपासना चालू असतानाच तिच्या फोनवरून 'पुतण्या' म्हणून लिहिलं, 'आत्या काल प्रभूजवळ गेली.' यांचा आवाज भरून आला. दोनशे माणसांनी डोळे मिटले. पडद्यावरच्या सासूबाईंच्या चौकटीकडे सहज लक्ष गेलं — त्यांचे उघडे होते.

३० सप्टेंबर, सोमवार

अकराला डब्यामागे टिंग! कार्ड काढायचं राहिलं होतं.

'सूनबाई, मी काही लिहिलं की तुझ्या साखरेच्या डब्यामागे वाजायचं. माझ्या कॉटपर्यंत ऐकू यायचं, पहिल्या दिवसापासून. तिच्या नावानं का होईना, तू माझ्याशी गोड बोलायचीस. खोलीही गोड बोलून मागितलीस, म्हणून दिली. तिला मारायला नको होतंस गं. आज गुडघा फार दुखतोय. कुणाला सांगू?'