चेअरमनचा डावा डोळा

८ एप्रिल २०१९, सोमवार

नगरला डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. मी जाणार नव्हतो. आमच्या मंडळींनी, म्हणजे केसरबाईने, नेलं.

काचबिंदू निघाला. प्रेशर डाव्यात चौतीस, उजव्यात सव्वीस. पस्तीसला पास असतं, म्हणजे डावा एका मार्काने हुकला. एवढ्यासाठी डॉक्टरने तोंड पाडायचं कारण नव्हतं. मग एका मशीनमध्ये डोकं घालायला लावलं. आत ठिपका चमकला की बटण दाबायचं. मशीन बिघडलेलं होतं, डावीकडे ठिपके सोडतच नव्हतं. तसं मी तिथल्या मॅडमला सांगितलं. त्यांनी कागद दाखवला. डाव्या डोळ्याचा अर्धा कागद काळा. प्रिंटरही बिघडलेला.

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची. दोन्ही डोळ्यांत सकाळी आठला एक थेंब, संध्याकाळी आठला एक, जन्मभर. दुखत नाही म्हणून बंद केलं तर उजवाही जाईल. हात धुवा, खालची पापणी ओढा, बाटलीचं टोक डोळ्याला लावू नका, एकच थेंब टाका, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. शेवटी विचारलं, दमा आहे का? मी छाती काढून नाही म्हणालो. केसरबाई काहीतरी बोलणार होती, मी तिच्याकडे पाहिलं. सहाशे जनावरांची चारा छावणी चालवणाऱ्या माणसाला दमा असतो का? खिशात पंप असतो तो धुळीसाठी.

ठराव क्र. १ : चेअरमन रोज दोन वेळा थेंब टाकतील. सूचक मी, अनुमोदक मी. एकमताने मंजूर.

९ एप्रिल, सकाळी ८

पहिला थेंब गालावर. दुसरा मिशीत. तिसरा कानात. बाटलीचं भोक वाकडं आहे.

केसरबाई म्हणाली, "अवो, आना इकडं, मी टाकते." तिने साबणाने हात धुतले, माझी मान मागे केली आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब बरोबर टाकला. बायकांना रिकामा वेळ असतो म्हणून जमतं.

११ एप्रिल

छावणीत पंडितला मारलं. पंडित म्हणजे आमच्या दूध संस्थेचा क्लार्क. छावणी संस्थेचीच, म्हणून तोही माझाच. मी ऑफिसच्या तंबूत शिरलो तर दाराच्या डावीकडे हा ढिम्म. ना उठणं, ना नमस्कार. दिली कानाखाली. खुर्चीसकट गेला.

गाल धरून म्हणतो, "सायेब, दोनदा नमस्कार केला की!" त्यात दगडाबाई साक्ष द्यायला पुढे. ही म्हातारी दोन म्हशी घेऊन फेब्रुवारीपासून छावणीतच राहते. म्हणाली, "केला बाबा त्येनं. हात जोडून हुबा व्हता." म्हातारी फितूर आहे. तिला फितवणारा गहिनीनाथ, आमचा व्हाईस चेअरमन. शाळेपासून माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे.

एक गोष्ट लक्षात आली. गेल्या दोन-तीन महिन्यांपासून माझे सगळे विरोधक डावीकडूनच येतात. त्यांना कुणीतरी ट्रेनिंग दिलेलं आहे.

१५ एप्रिल

सहा दिवस थेंब टाकले. डोळा दुखत नाही. आधीही दुखत नव्हता, पण आता जास्तच दुखत नाही. म्हणजे गुण आला.

शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ आठच्या सुमाराला छावणीत चारा वाटप असतं. मी तिथे नसलो तर पेंढ्यांना पाय फुटतात. छावणीवर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो, त्याच डोळ्यांत औषध घालत घरी बसलो तर झालंच. गहिनीनाथ चारचौघांत म्हणाला म्हणे, "गावात टँकर येत न्हाई अन् चेअरमनच्या डोळ्यात रोज पानी."

ठराव क्र. २ : थेंब पुढील सूचनेपर्यंत तहकूब. केसरबाईचा विरोध नोंदवला. तिला मताचा अधिकार नाही.

१९ एप्रिल

बैलाने मारलं. दावणीच्या मधून चाललो होतो. डावीकडून शिंग आलं ते थेट बरगडीत. मी खुंटा उपटला आणि बैलाला हाणला. बैलाच्या मालकाने मला हाणला. मी मालकाला पाण्याच्या हौदावर आपटलं. हौदात पाणी असतं तर त्याला कमी लागलं असतं. दुष्काळाचा असाही त्रास आहे.

मालक ओरडत होता, "बैल बांधलेला हाय, तुमीच त्येच्या अंगावर गेलते!" डोकं फुटल्यावर माणूस काहीही बोलतो.

२३ एप्रिल

मोटारसायकलवर होतो. रस्ता मोकळा. अचानक डावीकडून टँकर अंगावर आला. टँकरच्या मागे पितळी तोटी असते, तिच्यावर जाऊन आदळलो. तोटी तुटली, पाणी रस्त्यावर.

ड्रायव्हर उत्तरेश्वर खाली उतरला आणि म्हणतो, टँकर उभा होता! "हँडब्रेक लावून हुबा हाय सायेब, अर्धा घंटा झाला." मी हेल्मेट काढलं आणि त्याच्या तोंडावर मारलं. हेल्मेटचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. त्याचा एक दात पडला. तोवर वस्तीवरच्या बाया हंडे-कळश्या घेऊन पळत आल्या. आम्ही दोघे एकमेकांची गचांडी धरून चिखलात आणि बाया आमच्या अंगावरून तोटीकडे. एकीने माझ्या पाठीवर पाय देऊन हंडा भरला. मला सोडवायला एकही थांबली नाही.

घरी केसरबाईने जखमेवर हळद लावली आणि रडत बसली. म्हणाली, "तुमाला दिसत न्हाई, कावून मान्य करीना गेलात?"

मला सगळं दिसतं. लोक मध्ये येतात.

२५ एप्रिल

उद्या छावणीत संस्थेची सभा. गहिनीनाथ अविश्वासाची भाषा बोलतो आहे. नजर एकदम कडक पाहिजे.

हिशोब केला. पंधरापासून आजपर्यंत अकरा दिवस, रोज दोन, म्हणजे बावीस थेंबांचा अनुशेष. मराठवाड्याचा अनुशेष कुणी भरून काढला नाही, डोळ्याचा मी काढणार. बैलाला औषध पाजताना आपण थेंब मोजतो का? वेसण धरायची, मान वर करायची आणि नळकांडं घशात रिकामं करायचं. जनावर उभं राहतं. डॉक्टर लोकांना ढोरांचा अनुभव नाही, म्हणून एकेक थेंब सांगत बसतात.

ठराव क्र. ३ : सभेआधी संपूर्ण अनुशेष एकरकमी भरणे. केसरबाईला कळवू नये.

२८ एप्रिल, आष्टीचा दवाखाना

परवाची हकिगत खरी काय ती लिहून ठेवतो.

खाटेवर उताणा पडून दोन्ही डोळ्यांत बाटली पिळली. अर्धं घशात उतरलं, कडू लागलं. औषध कडू म्हणजे चांगलं. सभेला गेलो. गहिनीनाथ उठून म्हणाला, "चेअरमननं आधी डोळे दाखवून यावं, रोज एक मानूस रक्तबंबाळ होतोय." मी टेबलावरून उडी मारली. त्याचा गळा माझ्या हातात आला. चांगला धरला होता, जीभ दिसायला लागली होती. त्याने माझ्या पोटात गुडघा घातला, मी त्याच्या कानाचा चावा घेतला. पाचपन्नास लोक, काठ्या, उसाची वाढी, ज्याच्या हाताला जे लागेल ते. मी जिंकत होतो. तेवढ्यात छाती आवळली, श्वास मिळेना, डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी शेणात पडलो. गहिनीनाथने नक्की काहीतरी फवारलं. मग मला बेशुद्ध अवस्थेत स्वतःच्या जीपमध्ये घालून त्याने आष्टीपर्यंत पळवून नेलं. हे सरळ सरळ अपहरण आहे.

इथल्या डॉक्टरने नाडी धरली तर बेचाळीस. कोणतं औषध घेतलं, विचारलं. मी म्हणालो, काही नाही. केसरबाईने कमरेची पिशवी सोडली आणि रिकामी बाटली टेबलावर ठेवली. पंपही ठेवला. दमा सांगितला, तहकुबी सांगितली, सगळं सांगितलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. मंडळींनी विरोधी गटात प्रवेश केला.

३ मे

पुन्हा नगर. डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत, केसरबाईशी बोलले. म्हणाले, या औषधाने दम्याच्या माणसाचा जीव जातो, म्हणून विचारलं होतं. बाटली बदलली. आता फक्त संध्याकाळी आठला, एकच थेंब. चुकला तर भरपाई करायची नाही. बाटली फोडल्याची तारीख वर लिहायची आणि महिन्याने फेकायची. डाव्यात आता थोडंच उरलं आहे, उजव्याला जपा.

केसरबाई लिहायला शिकलेली नाही. तिने शेजारच्या पोराकडून नाही, माझ्याचकडून बाटलीवर तारीख लिहून घेतली. लिहिताना समोर उभी राहिली.

६ मे

ठाण्यात अपहरणाची तक्रार द्यायला गेलो. हवालदाराने विचारलं, "नेऊन काय केलं?" म्हणालो, ॲडमिट केलं. तो पेन ठेवून हसला. खुर्ची उचलली होती, पण ठाण्यातली होती, परत ठेवली.

८ मे

केसरबाई आता रोज आठला बाटली घेऊन छावणीत येते. सगळ्यांसमोर. मला बाजेवर बसवते, मान मागे करते. लोक चारा सोडून बघतात. पंडितही बघतो, त्याच्या गालावर अजून माझी बोटं आहेत. चेअरमनची काही इज्जत आहे की नाही? तिला बजावलं, छावणीत पाऊल टाकायचं नाही, घरी आलो की टाक. ती म्हणाली, "तुमी आठला घरी कवा आलता?"

१० मे

पक्की खबर आहे. गहिनीनाथ मला एकट्याला गाठणार आहे. त्याच्या कानाला चार टाके पडले आहेत, तो गप्प बसणार नाही. येणार तर डावीकडूनच येणार.

बाभळीची काठी आणून ठेवली. अंगठ्याएवढी नव्हे, मनगटाएवढी.

ठराव क्र. ४ : डावीकडून जो येईल त्याला आधी मारणे, मग चौकशी करणे. सूचक मी, अनुमोदक मी.

११ मे

संध्याकाळ. वाटप संपत आलं होतं. मी दावणीच्या तोंडाशी एकटा उभा होतो. डावीकडे सावली हलली. मी वळलो नाही. ठरावाप्रमाणे आधी मारलं. पूर्ण ताकदीने.

हाड मोडतं तेव्हा वाळल्या फांदीसारखा आवाज होतो. त्याच्यामागून बांगड्यांचा आला.

मग चौकशी केली. केसरबाई होती. आठ वाजले होते.

१२ मे

उजवा हात, कोपराच्या खाली, दोन्ही हाडं. सळई घातली, प्लास्टर केलं. डॉक्टरने विचारलं कसं झालं. ती म्हणाली, म्हशीने लाथ मारली. माझ्याकडे बघितलं नाही.

तिने लांबूनच आवाज द्यायला पाहिजे होता. एवढी काय घाई? तसं मी दगडाबाईला बोललो. म्हातारी म्हणाली, "हाक मारली की तिनं, मी ऐकली. अन् समोरूनच येत व्हती बाबा, बाटली हातात धरून. तू तिच्याकडंच बघत व्हतास."

म्हातारीला मारलं नाही.

१३ मे

बाटली दावणीत सापडली. मातीत, झाकण उघडं. केसरबाई म्हणाली, ती टाकून द्या, घाणेरडी बाटली डोळ्याला लावायची न्हाई. नवी आणली. तारीख लिहिली.

स्वतः टाकायला बसलो. गाल. मिशी. गाल. हात थरथरतो. परवा काठी धरताना थरथरला नव्हता.

१४ मे

गाल. नाक. एक आत गेला असावा, नक्की सांगता येत नाही. दुसरा टाकला नाही. केसरबाई खाटेवरून बघत होती. तिच्या डाव्या हाताला बाटली पिळता येत नाही, तिने करून बघितलं.

१५ मे

राजीनामा दिलेला नाही. फक्त छावणीत जात नाही. छावणी व्यवस्थित चालली आहे असं कळतं. गेल्या चार दिवसांत कुणाचं डोकं फुटलेलं नाही.

१६ मे, संध्याकाळी ८

गहिनीनाथ घरी आला. कानाला पट्टी. मी काठी शोधली. केसरबाईने ती परवाच चुलीत घातली होती. म्हणाली, "मीच बोलावलं त्यास्नी. शेजारी कुनाचा हात थिर हाय, सांगा."

तो सरळ मोरीकडे गेला. पिंपात बोटभर पाणी होतं, त्यातलं तांब्याभर घेऊन त्याने साबण लावून हात धुतले, नखंसुद्धा. मग माझ्यासमोर येऊन म्हणाला, "पड बे उतानं."

मी पडलो. त्याने अंगठ्याने माझी पापणी खाली ओढली. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. पट्टीखालचा कान सुजलेला होता. मी म्हणालो, मारायचं असेल तर आत्ता मार. तो म्हणाला, "गप पड. बोललास तर थेंब भाईर येईल."

उजव्यात एक. डाव्यात एक. मग त्याने माझ्या दोन्ही डोळ्यांचे कोपरे दोन बोटांनी दाबून धरले. माणूस दोन मिनिटांत पुष्कळ काही करू शकतो. मी सभेत याचा गळा याहून कमी वेळ धरला होता. त्याने फक्त कोपरे दाबले. केसरबाई शेजारच्या खाटेवर आकडे मोजत होती, एकशेवीसपर्यंत. मध्ये एकदा चुकली, तर गहिनीनाथने तिला पुढचा आकडा सांगितला.

"पडला का आत?" तिने विचारलं.

"पडला वहिनी. उद्या येतो याच टायमाला." तो गेला.

मी उठून बसलो. औषध थोडं गालावर आलं होतं. ते पुसायला मी हात उचलला.

केसरबाईने डोकं खाली घातलं आणि चांगला हात आडवा तोंडावर धरला.

ती उजवीकडे बसली होती. मला दिसलं.