मोय म्हणून पाठव

९ जून, रविवार

तुळजाचे पैसे फोनवर आले. चौदा हजार दोनशे एक. वरचा एक रुपया माझ्या सांगण्यावरून, आणि खाली शेऱ्यात 'मोय' लिहिलंय तेही माझ्या सांगण्यावरून. लग्नात पाकिटावर लिहितात तसं. उधार नेलेल्या सोन्याच्या वर्खाचे पैसे, पण कागदावर सुनेने चुलतसासूला केलेला आहेर.

मुदत दीड महिन्याची होती, बाईसाहेबांनी आठवडाभर आधीच धाडले. असली माणसं मला मुळीच आवडत नाहीत. उशीर केला तर चार शब्द बोलता तरी येतात.

माधव म्हणाला, वैनीला बिल का देत नाहीस. तमिळमध्ये म्हणाला. पोराला मराठी सगळं कळतं, जिभेवर येत नाही. म्हटलं, घरच्या माणसाला बिल फाडतात का? तुझ्या बापाने कधी फाडलं होतं? खरंच आहे, यांनी जन्मात नातलगाला बिल दिलं नाही. पण हयातभर पैसेही मागितले नाहीत यांनी. तेवढं माधवला सुचलं नाही.

१४ जून, शुक्रवार

तुळजा दुकानात येऊन माल घेऊन गेली. वर्ख, खडे, दोन फळ्या. शुक्रवारी तिच्या घरातून पैसा बाहेर जात नाही, माल मात्र घरात यायला चालतो. मी मागच्या वर्षीचा वर्ख आधी दिला. रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा भाव चढा लावते तो वेगळाच. उधारीवर घेते, मग चढा नको? बाहेर तिला कोण उभं करतंय.

श्रीनाथ, म्हणजे माझ्या दिरांचा मुलगा, तिचा नवरा, घरी बसून राज्य करतो. ती पापनाशमला स्टेशनामागे एक खोली घेऊन चार बायकांकडून तंजावरी चित्रं करून घेते. डोळे आणि ओठ स्वतः रेखते. आज फोनवर एक बाळकृष्ण दाखवला. मी म्हटलं, गालाला जरा जास्त झालंय.

जास्त झालेलं नव्हतं. यांनी चाळीस वर्षं ब्रश धरला, यांच्या हाताला असं लाडिक तोंड कधी आलं नाही. रात्रभर ते तोंड डोळ्यांत खुपत राहिलं.

हे मराठीत लिहिते ते एवढ्यासाठीच की माझ्याशिवाय या घरात ही लिपी कोणाला येत नाही. कुलपाचा खर्च वाचतो.

२ जुलै

तुळजा आली ती पायरीवरूनच बोलत. मद्रासच्या कुठल्याशा मोठ्या हॉटेलाची ऑर्डर, चोवीस चित्रं, माणसाच्या उंचीची. दिवाळीच्या आत. वर्ख एकदम घ्यावा लागेल, बायका वाढवाव्या लागतील. बँकेत गेली होती. मॅनेजर म्हणाले, सोनं-जमीन नसली तरी चालेल, पण तुम्ही व्यापाऱ्यांकडून मुदतीवर माल घेता आणि मुदतीत पैसे देता हे दिसलं पाहिजे. दोन वर्षांचं दाखवा, कर्ज देतो. धंद्याचं नाव, जीएसटीचा नंबर, सगळं तिने आधीच काढून ठेवलंय.

"अक्का, आतां तुमच्याच पुण्याईवर माझें काम होतें. दोन वर्षांत एकदां तरी मी मुदत चुकल्यें का, तुम्हीच सांगा."

"नाही ग. कधीच नाही."

"मग काय भय?"

मी तिला दुसऱ्यांदा कॉफी दिली. पुढ्यात बसून हसत प्यायली. सांगता आलं असतं तेव्हाच, की बाई, तुझ्या नावावर माझ्याकडे एक चिठोरंही नाही. म्हटलं, जाऊन तर ये बँकेत.

तिला कर्ज मिळालं की ती माझ्याकडे कशाला येईल? थेट कंपनीकडून वर्ख उचलेल, तोही मला पडतो त्याच भावाने. मग मी इथे तंजावरला राजवाड्याच्या गल्लीत बसून पर्यटकांना चाव्या अडकवायची झुमकी विकायची.

२० जुलै

आली. बसली नाही.

मॅनेजरांनी तिचा फोनचा हिशेब खालपासून वरपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "अम्मा, दर दीड महिन्याला एवढी मोय? यांच्याकडे किती लग्नं होतात?" शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. व्यापाराची एक ओळ नाही, बिल नाही, काही नाही. दोन वर्षं सासूला आहेर करणारी सून, एवढंच दिसतं तिथे.

हे सगळं न रडता सांगितलं तिने. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"अक्का, जुनी बिलें आतां देतां का?"

मी माधवकडे पाहिलं. तो खरं तेच बोलला, आता दोन वर्षांची बिलं काढली तर तो सगळा कर आणि दंड आमच्या गळ्यात. मी म्हटलं, ऐकलंस ना. घरातला विश्वास त्या बँकवाल्यांना काय कळणार.

"तुम्हींच सांगितलें मोय लिही म्हणून."

"घरची म्हणून सांगितलं. परक्या बाईला सांगितलं असतं का?"

आमच्या मराठी घरांत वाढलेल्या मुलीला हे उलटून बोलता येत नाही, हे मला ठाऊकच होतं. तमिळ घरातली असती तर पहिल्याच दिवशी बिल मागून मोकळी झाली असती.

मग मी तोड काढली. ऑर्डर माझ्या दुकानाच्या नावाने घेऊ. माल माझा, चित्रं तू कर, दर चित्रामागे मजुरी घे. पाटीवर माझं नाव असलं म्हणून काय बिघडतं, घर एकच.

"विचारून सांगत्यें," म्हणाली. कोणाला विचारणार? श्रीनाथला? तो तर तिला विचारल्याशिवाय आंघोळही करत नाही.

२१ जुलै

वाईट वाटलं का? वाटलं. जेवणापर्यंत.

३ ऑगस्ट, आडी अठरा

पाण्याच्या सणाची चित्रान्नं केली, भात लिंबाचा, चिंचेचा, दह्याचा. कालव्याला पाणी चांगलं आहे. तुळजा नाही आली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. श्रीनाथ डबा घेऊन आला आणि भरून घेऊन गेला, त्याच्या भुकेला मानापमान नाही. जाताना निरोप सांगितला, मजुरीवर काम करणार नाही म्हणते. कुंभकोणच्या वर्खवाल्या सेठकडे खातं उघडायला गेलीय. बिलावर, पंधरा दिवसांच्या मुदतीने, थोडक्यापासून.

नवं खातं म्हणे. पहिल्या इयत्तेत परत नाव घालायचं, या वयात.

६ ऑगस्ट

कुंभकोणच्या सेठचा फोन. येणार हे माहीत होतंच. आमच्या धंद्यात नव्या माणसाला उधार देण्याआधी जुन्या दुकानाला विचारतातच. माधव समोर बसला होता.

"अक्का, तुमच्याकडची बाई आहे. पैशाला कशी?"

"आमच्या दिरांची सून. फार मोठं घराणं."

"ते झालं. मुदत पाळते ना?"

"मुलगी गुणी आहे हो. गळाही गोड. नवरात्रात या, ऐकवते."

सेठ म्हणाला, समजलं अक्का, आणि पावसापाण्याचं बोलून फोन ठेवला. एक अक्षर खोटं बोलले नाही मी. पैशांचं विचारलं, घराण्याचं सांगितलं, इतकंच.

माधव उठून आत गेला. पोरगा बापावर गेलाय, करत काही नाही आणि तोंड मात्र पाडतो.

२३ ऑगस्ट

सेठने तुळजाला उधार दिलं नाही. रोख आण, माल ने. ती पापनाशमहून बसने कुंभकोणला जाते, असेल तेवढ्या पैशांचा वर्ख आणते, तो लावून झाला की पुन्हा जाते. चोवीसपैकी सोळा चित्रं हॉटेलवाल्यांनी काढून दुसऱ्याला दिली. दोन बायकांना तिने घरी पाठवलं. हे सगळं श्रीनाथकडून कळलं. तो असं सांगत होता की जणू शेजाऱ्यांच्या घरातली गोष्ट.

मला वाटलं होतं आता येईल नाक मुठीत धरून. रोज दुपारी कॉफीचं दूध थोडं जास्त ठेवते. नाही आली.

८ सप्टेंबर

काल गणपती बसला, आज हे.

वर्खाच्या कंपनीचा माणूस मद्रासहून आला. आम्हाला ते दोन महिन्यांच्या मुदतीवर माल देतात, यांच्या वेळेपासून. आता म्हणतो, यंदापासून प्रत्येक दुकानाची जीएसटीची विवरणपत्रं बघूनच मुदत ठरते. तुम्ही दोन वर्षं वर्ख घेताय पोत्याने आणि विकताय चिमटीने. कागदावर तुमचं गोदाम छतापर्यंत वर्खाने भरलंय. पडून राहिलेल्या मालावर आणखी उधारी कशी द्यायची? नवरात्र-दिवाळीचा माल रोखीने घ्या.

रोखीने घ्यायला माझ्याकडे काय आहे? दिवाळीचा माल नाही मिळाला तर दुकान पोंगलपर्यंतही चालणार नाही. गोदामात झुरळं आहेत, वर्ख नाही. तो सगळा तुळजाच्या बाळकृष्णांच्या अंगावर जाऊन बसलाय.

त्याला मी सांगितलं, जुनं दुकान आहे, सगळी पेठ अक्का म्हणून ओळखते. तो तरुण माणूस, नम्रपणे म्हणाला, तसं असेल तर तुमच्या दोन कायमच्या गिऱ्हाइकांशी बोलतो. खरोखर माल घेतात, पैसे देतात, एवढं कळलं तर साहेबांना सांगून मुदत चालू ठेवतो.

माधवने दोन नंबर लगेच दिले. एक देवळापाशी चित्रं विकतो त्याचा. दुसरा तुळजाचा. मला विचारलं नाही.

माणूस गेल्यावर म्हटलं, तुला दुसरं कोणी सापडलं नाही?

"सगळ्यांत जास्त माल वैनीनेच घेतलाय. खोटा नंबर देऊ?"

१९ सप्टेंबर

कंपनीवाला तुळजाशी बोलला. माधवला त्याने तेवढंच कळवलं. काय बोलणं झालं ते नाही. निर्णय आयुधपूजेनंतर, दसऱ्याच्या सुमाराला.

तीन वेळा फोन केला तिला. तिसऱ्यांदा उचलला. "कामांत आहें अक्का. नवरात्रांत कोलूला येत्यें की, तेव्हां बोलूं." आवाज अगदी गोड. पूर्वीपेक्षा गोड.

तिला माझा राग असेल, असू दे. पण ती आमच्या घरची आहे. परक्या माणसापुढे घरच्या मोठ्या बाईचं नाक ती कापणार नाही. कापेल का? दोन महिन्यांपूर्वी मी ज्या जोरावर बोलत होते, त्याच जोरावर आज बसले आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

कोलूच्या सात पायऱ्या मांडल्यात. बाहुल्या सगळ्या जुन्या, यांनी रंगवलेल्या. हरभऱ्याचं सुंडल केलं. संध्याकाळी तुळजा आली, ठेवणीतलं लुगडं, गजरा, हातात ताट. ताटात विडा, नारळ आणि जूनच्या मालाची राहिलेली सगळी बाकी, मुदत उलटून दोन महिन्यांनी, रोख. वर एक रुपया.

शुक्रवार असून पैसे घेऊन आली. तिच्या घरातून शुक्रवारी पैसा बाहेर जात नाही. म्हटलं, आज कसे आणलेस?

"हे काय देणें आहे अक्का? मोय आहे."

गायला सांगितलं, गायली. शेजारच्या बायका डोलल्या. त्या गेल्या तशी मी विचारलंच. म्हटलं, त्या कंपनीच्या माणसाने काय विचारलं?

"अक्कांकडून माल घेतां का, पैसे देतां का, असें विचारलें."

"मग तू काय सांगितलंस?"

सुंडलातला खोबऱ्याचा तुकडा तिने शांतपणे वेचून खाल्ला.

"मी म्हटलें, आमच्या चुलतसासूबाई. फार मोठं घराणं. नवरात्रांत या, कोलू पाहण्यासारखा असतो."

सेठने माझं बोलणं तिला अक्षरन् अक्षर सांगितलेलं दिसतं. आणि खरं लिहायचं तर त्याच क्षणी ही पोरगी मला आवडली, दोन वर्षांत पहिल्यांदा. उशीर झाला.

तिची ओटी भरली. वाकून नमस्कार केला तिने, पुरता, डोकं टेकून.

ती गेल्यावर धावत माधवपाशी गेले. म्हटलं, हे पैसे आलेत, आत्ताच्या आत्ता तिच्या नावाने बिल काढ, तिचा जीएसटीचा नंबर घाल, मद्रासला पाठव. निदान एक तरी विक्री दिसू दे. जुन्या सगळ्या मालाची पण काढ. कर भरू, दंड भरू, बांगड्या मोडते.

माधव उठला नाही.

"नंबर मागितला मी वैनीकडे, चपला घालत होती तेव्हा."

"मग?"

तो मराठीत बोलला. अडखळत, तिचे शब्द तिच्यासारखेच लावून.

"म्हणाली, बिल नक्को. घरच्या माणसांत बिल कोठें असतें?"

कंपनीचा फोन अजून नाही. आयुधपूजा पुढच्या शुक्रवारी. ताट तसंच कोलूपुढे आहे, पैसे उचलले नाहीत. माधवने विचारलं कशात जमा करू, विक्रीत की मोय म्हणून, त्याला अजून काही सांगितलेलं नाही.