अकराव्या ओळीतला उलट टाका

मी, श्रीमती सिंधु व्यंकटराव इंगोले, वय वर्षे एकाहत्तर, जिल्हा परिषद शाळेतून मुदतीआधी निवृत्त झालेली कार्यानुभवाची शिक्षिका, मूळ गाव अर्धापूर, हल्ली राहणार नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि दुपारचा चहा घेऊन लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणाऱ्यांची नावे पुढे योग्य त्या कलमात येतील. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत उतरले आणि विचारले, शून्याच्या खाली जाऊ का? त्यांनी लगेच सही केली.

अॅड. आनंदराज सोनकांबळे कागद टाईप करून देणार होते. मी नको म्हटले. जन्मभर हाताने वस्तू केल्या, आता शेवटचा कागद यंत्रावर काढायचा हे मला पटत नाही. अक्षर वाकडे आले आहे त्याला उजव्या हाताचा अंगठा जबाबदार आहे. आषाढापासून तो बधिर आहे. विणायला घेतले की सुई हातातून सुटते. पेन कसेबसे धरते.

हे मृत्युपत्र त्या अंगठ्यापायी लिहावे लागत आहे. घराला वारस आहे, माझ्या गुरुवारच्या वर्गाला नाही. मला झोप लागत नाही ती याच काळजीने.

कलम १. वर्ग म्हणजे काय ते आधी लिहिते, कारण कोर्टातल्या साहेबांना ठाऊक नसेल. माझ्या घराच्या समोरच्या खोलीत दर गुरुवारी अकरा वाजता लोकरीचे विणकाम शिकवले जाते. यंदा अठरा वर्षे झाली. नांदेडात लोकर म्हटली की लोक हसतात. मे महिन्यात इथे अंगणात अनवाणी उतरता येत नाही आणि थंडी पडते ती जेमतेम दीड महिना. पण नवशिक्याला एक स्वेटर विणायला सात महिने लागतात, म्हणजे सुरुवात उन्हाळ्यातच करावी लागते. हसणाऱ्यांच्या डोक्यात हे शिरत नाही.

नव्या माणसाने पहिल्यांदा वीस टाक्यांचा चौकोन विणायचा. झाला की उसवायचा. असे तीनदा. उसवताना ज्याचे तोंड वाकडे होत नाही तो शिकतो. मग मफलर, मग बाळाचे टोपडे, मग स्वेटर. सध्या एकोणीस जण येतात. आपल्या हाताने केलेले पहिले टोपडे माणूस कसे उलटून-पालटून बघतो, कसे उगीच घरभर घेऊन फिरतो, ते मी अठरा वर्षे बघत आले आहे. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

कलम २. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझा मुलगा रविकांत याला द्यावे, समोरची खोली वगळून. ती खोली एटीएमला भाड्याने द्यावी असे तो दोनदा बोलला आहे. बँकेच्या यंत्राला माझ्या खोलीतला गारवा कशाला लागतो, हे त्याने मला अजून सांगितलेले नाही.

त्याच्यासाठी मी विणलेला राखी मफलर त्याच्या गाडीच्या डिकीत सापडला, हेही इथे नोंदवते. त्या मफलरने काच पुसतात. मी विचारले तर म्हणाला, आई, याच्यासारखी काच दुसऱ्या कशानेच लख्ख होत नाही. तो कौतुकच करत होता. म्हणून जास्त लागले.

कलम ३. सूनबाई पुनम हिला माझा मरून रंगाचा स्वेटर. तिला माझी लोकर टोचते, ऑनलाईन मागवलेली टोचत नाही. परंतु गेल्या वर्षी मला ताप चढला तेव्हा ती सुट्टी टाकून हैदराबादहून आली आणि अकरा दिवस माझे अंथरूण-पांघरूण केले, ते मी विसरलेले नाही. म्हणून माझ्या सोन्याच्या पाटल्या तिलाच. मात्र पाटल्या हव्या असतील तर स्वेटर सोबत न्यावा लागेल.

कलम ४. बँकेतील ठेव निम्मी रविकांतला, निम्मी वर्गाच्या लोकरीला. यावर चर्चा नको.

कलम ५. माझी गोल सुई, म्हणजे तारेने जोडलेल्या दोन सुया, ग्यानोबा कवळे यांना. ग्यानोबा उमरीचे, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. वर्गात येणारा पहिला पुरुष. पहिल्या दिवशी बायका पदरात तोंड घालून हसल्या, तर हे गृहस्थ म्हणाले, "हसा, पर सरका जरा." त्यांचा हात इतका घट्ट की सुई टाक्यात शिरत नाही. त्यांनी विणलेली टोपी उभी ठेवली तर उभी राहते. पण चार वर्षांत एक गुरुवार चुकवला नाही.

कलम ६. आता वर्ग कोणाला द्यावा. ग्यानोबांना देता येत नाही, कारण दुसऱ्याचा टाका गळला की यांचेच डोळे भरतात आणि ते घेऊन स्वतः विणून देतात. शेजारच्या भामाबाईंना देता येत नाही, कारण त्या बोलताना सुया खाली ठेवतात, आणि त्या बोलायच्या थांबत नाहीत. बाकीच्यांचे अजून मफलरच चालू आहेत. नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांत शिकवायला लायक असा एकच हात मला माहीत आहे. त्या हाताचे नाव पुढच्या कलमात आहे आणि तिला मी वर्ग देणार नाही.

कलम ७. सौ. शिवकांता महादेवप्पा हलकुडे, राहणार लातूर, ही माझ्या शाळेत माझ्याच बाकावर बसणारी सहशिक्षिका. आम्ही चौदा वर्षे एका डब्यात जेवलो. मी त्या काळात केळीच्या पानाचा एक नमुना बसवला होता. अर्धापूरची मुलगी दुसरे कशाचे पान काढणार? त्या नमुन्यात अकराव्या ओळीत, सगळे टाके सुलट असताना, मधल्या शिरेवर एक टाका उलटा पडला. चूकच होती. पण त्या चुकीने पान वाऱ्याने चिरल्यासारखे दिसू लागले. मी ती चूक ठेवली आणि वहीत तशीच उतरवून घेतली. वही कोणाला दाखवली नाही.

२००३ साली जिल्ह्याच्या हस्तकला प्रदर्शनात शिवकांताने बाळाचा स्वेटर मांडला. त्यावर माझे पान होते, अकराव्या ओळीतल्या उलट्या टाक्यासकट. तिला पहिला नंबर, मला दुसरा. माणूस नमुना आपल्या डोक्याने काढू शकतो, दुसऱ्याची चूक आपल्या डोक्याने काढू शकत नाही. मी तिला सगळ्यांसमोर चोर म्हणाले. ती स्वेटर घडी करून निघाली, पुढे बदली घेऊन लातूरला गेली, आणि आम्ही बावीस वर्षे बोललो नाही.

म्हणून तिला मी या मृत्युपत्राची साक्षीदार नेमले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे वकीलसाहेब म्हणाले. माझ्या साक्षीदाराने वाचायचाच आहे, आणि या कलमाखाली सही करायची आहे. चहाला बोलावले असते तर ती आली नसती. फोनवर कायद्याचे काम आहे म्हणाले तर लगेच हो म्हणाली. आज तीनच्या सुमारास येईल.

कलम ८. येथपर्यंत लिहिले आणि ती आली. केस पूर्ण पांढरे. बसची धूळ झटकत उभी राहिली, पाणी प्यायली आणि कागद मागून घेतला. समोर वकीलसाहेब, ग्यानोबा आणि भामाबाई. भामाबाईसुद्धा सुया खाली न ठेवता विणत होत्या, यावरून प्रसंग लक्षात यावा. तिने सातवे कलम दोनदा वाचले. मग चष्मा काढला. पुढचे बोलणे जसे झाले तसे लिहीत आहे.

"ती चूक माझी हाय, सिंधु."

मी म्हटले, चोरी कबूल करतेस?

"चोरी न्हाई, चूक. हेडमास्तरांनी तुला मधीच बोलावलं. तू अर्धी ओळ टाकून पळालीस. टाके सुईवरून घसरून राहिले होते. मी ती ओळ पुरी केली अन् वर एक विणली. बोलत बोलत विणले, तुझ्या त्या अर्ध्या ओळीत एक टाका उलटा पडला. तू परत आलीस, मी भ्याले, बोलले न्हाई. दुसऱ्या दिवशी तूच ती चूक आख्ख्या शाळेला दाखवून राहिलीस."

मी विचारले, मग बावीस वर्षे सांगितले का नाही?

"तू विचारलंस कवा? तू डायरेक चोर म्हनलीस."

कायद्याला पुरावा लागतो. मी ट्रंक उघडून तो पहिला नमुन्याचा तुकडा काढला. वर्गात पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगते की कापड बघून विणणाऱ्याचा हात ओळखता येतो. कोणाचा सैल, कोणाचा घट्ट, ते लपत नाही. माझा हात घट्ट. तुकडा खिडकीजवळ नेऊन बघितला. दहा ओळी माझ्या. अकरावी निम्म्यापर्यंत माझी, पुढे सैल. बारावी सगळी सैल. तेरावीपासून परत माझ्या. हे दिसायला चष्माही लागत नव्हता. तो तुकडा मी अठरा वर्षे मुलींना दाखवत आले आहे आणि स्वतः एकदाही नीट बघितला नाही.

ग्यानोबांनी हातात घेऊन बघितला आणि हळूच म्हणाले, "बाई, हे तर मलापन दिसून राहिलंय."

मी शिवकांताची माफी मागितली. तीच माफी या कागदावरही मागते, कारण चोर म्हणताना साक्षीला सगळे होते. मला फार लाज वाटते आहे. ती म्हणाली, "लिवून ठिव." ठेवले आहे.

कलम ९. माझी समोरची खोली वापरण्याचा हक्क, लोकरीची दोन्ही कपाटे, बांबूच्या सगळ्या सुया, नमुन्यांची वही आणि गुरुवारचा वर्ग मी शिवकांता महादेवप्पा हलकुडे हिला देते. तिच्या हयातीत रविकांतने त्या खोलीत कोणतेही यंत्र बसवू नये. वहीत केळीच्या पानावर माझे एकटीचे नाव आहे, तिथे तिचेही लिहावे.

हे लिहून होताच वकीलसाहेबांनी हात वर केला. ज्याला द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, उद्या भांडण होते. म्हणून साक्षीदारांतून शिवकांताचे नाव काढावे लागले. ती रागावली. लातूरहून धक्के खात आले ते सही करायला, आता सही पण करू देईनास, म्हणाली. तिच्या जागी ग्यानोबांना घ्यायचे तर त्यांनाही कलम ५ आडवे आले. यावर मी गोल सुई उठून आत्ताच त्यांच्या हातात दिली. कलम ५ रद्द समजावे. ग्यानोबांनी पेन शोधता शोधता त्या सुईवर वीस टाके घातले आहेत. घट्टच आहेत.

शिवकांताने मग एक अडचण काढली, ती रास्त आहे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते. "अन् तू मरस्तोवर मी काय करू?" असे तिने विचारले. वकीलसाहेब म्हणाले, याला कायद्यात उत्तर नाही. माझ्याकडे आहे, ते खाली लिहिते.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि तो माझ्या मनासारखा आहे. हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतर अमलात यावे. कलम ९ मात्र येत्या गुरुवारी, ११ तारखेला, सकाळी अकरा वाजता.

ठिकाण: नांदेड
दिनांक: ७ डिसेंबर २०२५, रविवार

लिहून देणार:
(सही) सिंधु व्यंकटराव इंगोले

साक्षीदार:
१. (सही) भामाबाई रामलिंग पांचाळ, शेजारीण
२. ~~शिवकांता महादेवप्पा हलकुडे~~ (सही) ग्यानोबा कवळे

साक्षीदार क्र. २ मधील एक नाव मी स्वतः खोडले आहे. खाडाखोड मान्य असल्याबद्दल माझी सही:
(सही) सिंधु व्यंकटराव इंगोले

खाडाखोड मलापन मान्य हाय. गुरुवारी सकाळी साडेआठची गाडी धरली तर अकराला पोचणार न्हाई, म्हणून बुधवारीच येते, मुक्कामाला. वकील म्हणतात हितं माझी सही चालत न्हाई. तरी करते.
(सही) शिवकांता हलकुडे