फळ्यावरची पाटी

ता. ४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कॉलेज पुन्हा कधी धरणार, हे यातही दोनदा विचारलंस, शाबास! मी इथेच, जंगलाच्या गेटपाशी राहणार. जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोली स्वतः बांधली, खिडकी तेवढी वाकडी बसली आहे. पण वीस दिवसांत एक पाहुणा फिरकलेला नाही. गावाचा नियम तुला ठाऊक आहे : तिकीटखिडकीच्या आत, बाहेरून न दिसणारा फळा, फळ्यावर घरटी एक पाटी, सगळ्यात वरची पाटी ज्याची, पाहुणे त्याचे, मग ती पाटी तळाला. आपली पाळी काही येत नाही. आणि टेकडीवरच्या नव्या हॉटेलात गाड्यांची रीघ!

फळा सांभाळते तिकीटखिडकीवाली. जिच्यावरून तू मला चिडवतेस, तीच. काल डोकं फिरलं. भर रांगेत मी तिला हॉटेलवाल्यांची चमची म्हणालो. तिने खिडकी लावून घेतली. तेव्हापासून घास उतरत नाही. चोर असली तरी मला तीच हवी आहे, आता बोल!

भावोजींना नमस्कार. लोभ असू दे, उपदेश नको.

तुझा धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. तिचा काही दोष नाही रे. आपली पाटी फळ्यावर नाहीच. मागच्या महिन्यात बाबांनी ती हॉटेलला देऊन टाकली. आपले पाहुणे त्यांना, बदल्यात तुझे भावोजी पुढच्या महिन्यापासून तिथे मॅनेजर. यांची नोकरी जाऊन वर्ष होत आलं, तुला कळवलं नव्हतं. बाबांना गळ मीच घातली. वाटलं, खोली रिकामी राहिली की कंटाळून कॉलेजात जाशील.

त्या मुलीने मला दोनदा चिठ्ठी पाठवली, की त्याला तुम्हीच सांगा, घरचं घरच्यांनी सांगावं. मी आज-उद्या करत राहिले.

रागव, पण लिहीत जा. लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी ताई

ता. १९ मार्च

ताईस,

नमस्कार या वेळी राहू दे.

बाबांना विचारलं. म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच केलं. आणि वर खोलीची खिडकी सरळ करून देतो म्हणाले. खिडकी!

मग तिच्याकडे गेलो. रांगेत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी माफी मागितली. तिने मान वर न करता विचारलं, किती जण. मला वाटलं, थट्टा करतेय. ती म्हणाली, पाटीवाल्या घरांनाच जंगलात मोकळं सोडतात, बाकीच्यांना तिकीट. खरंच होतं. गावाच्या बैठकीत तो नियम मीच हात वर करून मांडला होता.

म्हटलं, एक.

तिकिटावर गावाच्या रकान्यात तिने ‘बाहेरचा’ असं लिहिलं. लिहिण्याआधी तिने पेन दोनदा खाली ठेवलं, तेवढं माझ्यापाशी ठेवतो. तिकीट सोबत पाठवलं आहे, भावोजींना दाखव.

लोभ आहे म्हणतेस. तो असाच असणार असेल, तर यापुढे जरा कमी असावा.

धाकटा