चौथ्या प्रश्नाचे गुण

१८ एप्रिल १९९५

अकरावीचे मराठीचे पेपर. एकेचाळीस. चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं सारखं – मीच वर्गात लिहून दिलेलं. कादंबरीचा नायक शोकनायक ठरतो का?

पूर. गावात एकच होडी, ती त्याची. आपली माणसं अलीकडे आणतो. पलीकडे अडकलेल्यांना सांगतो, होडी घेऊन परत येतो. जात नाही. पुढची तीस वर्षं नदीकडे पाठ करून जगतो. मोठा माणूस, एक दोष, पूर्ण नाश. वीस वर्षं हे शिकवतो आहे. दर वर्षी शेवटच्या पानाला माझा आवाज जड होतो.

चंचलचं उत्तर वेगळं आहे. बाजूला ठेवलं.

१९ एप्रिल

उतरवून ठेवतो.

"तो शोकनायक नाही. येतो म्हणाला आणि आला नाही, एवढंच झालं. पलीकडे राहिले त्यांची नावंसुद्धा लेखकाने दिलेली नाहीत. सगळं दुःख या एकालाच दिलं. मागे राहिलेला माणूस वाट बघतो. भेटेल त्याला सांगतो, गेलेत ते, येतीलच."

दहापैकी शून्य दिलं. बेरीज एकतीस. पास व्हायला पस्तीस.

२० एप्रिल

लिहितोच आता.

गेल्या सप्टेंबरची तेवीस तारीख. आमच्या या गुजराती शहरात प्लेगची बातमी, शाळा बंद. मी कपाटातली कागदपत्रं घ्यायला गेलो होतो. पांडुरंग पायरीवर कुडकुडत बसलेला. आमचा शिपाई. शाळेमागच्या खोलीत एकटा राहायचा. तोंडाला रुमाल. म्हणाला, "सर, सिव्हिलला न्या." मी चार हात लांब उभा. म्हटलं, "रिक्षा घेऊन येतो."

चौकात रिक्षा नव्हती. त्या दिवशी कुणालाच मिळत नव्हती. मी घरी गेलो. दुपारी बायकोला, विजयाला, घेऊन नाशिकच्या वाटेला लागलो.

पांडुरंग रविवारी मेलेला सापडला. प्लेग की साधा ताप, नक्की कुणी सांगितलं नाही.

चंचल तेव्हा शाळेमागच्याच गल्लीत राहायची. तिने ऐकलं असणार. उत्तर माझ्यासाठी लिहिलेलं आहे.

शून्य तसंच ठेवलं.

४ मे

निकाल. चंचल नापास, फक्त मराठीत. बाकी विषयांत साठच्या वर. मुलांना पेपर दाखवले. तिने आपला पाहिला, घडी घालून परत दिला. काही विचारलं नाही.

१६ मे

विजया भाजी निवडता निवडता म्हणाली, "हल्ली रिक्षाचं नाव काढलं की तुम्ही चालायला लागता. गुडघे माझे गेलेत, तुमचे नाही."

मी हसलो. ती हसली नाही.

२ जून

पांडुरंगच्या जागी लोटू आला आहे. शाळा उघडायच्या आधी साफसफाई करताना म्हणाला, "चंचल ना सर? ती कुठली येते आता. सचिन गावाला मिलमध्ये जाते, साड्यांच्या घड्या घालायला. टेम्पोत बघितली मी."

झाडू मारत पुढे गेला. पांडुरंगचाच झाडू.

८ जून

हेडसरांकडे गेलो. म्हटलं, चंचलच्या पेपरात माझी चूक झाली. चौथ्या प्रश्नाला सहा तरी हवेत.

"काय चूक?"

मी पेपर पुढे केला.

"बेरीज चुकली म्हणा ना. कशाला लांबवता? फेरतपासणीचा अर्ज भरा, मुलीची सही आणा. पंधरा तारखेच्या आत. बारावीत घेऊन टाकू."

अर्जावर 'कारण' या शब्दापुढे लिहिलं – बेरजेत चूक. हात सहज चालला.

११ जून, रविवार

कोसाडला गेलो, चंचलच्या नव्या घरी. पायी, मग बस, मग पायी.

दोन खोल्या. चंचलचे वडील उखा कापडाच्या लूमवर कामाला असतात, आज सुट्टी. "बठा सर, बठा." आई धुरपदाबाई. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "पोर मराठीमा नापास! मंग आम्ही काय गुजराती शेतस का, सर?"

उखा हसला. मीही. चंचल दाराशी उभी होती, ती नाही. अर्ज तिच्या हातात दिला. तिने वाचला.

"बेरीज बरोबर आहे सर. मी तीनदा केली."

"सही कर. वर्ष वाचेल."

"नाही करणार."

उखा म्हणाला, "आयकत नही सर ती. मी सांगं, परत बस परीक्षाले. नही म्हने. स्वतःच जाई लागनी कामले."

ती हंडा घेऊन मला नळापर्यंत पोचवायला आली. तिथे म्हणाली, "तुम्ही ओळखलंत ना सर? ते मी माझंच लिहिलं होतं."

मला कळेना.

"त्या दिवशी दुपारी पांडूकाकांना पाणी द्यायला गेले होते. म्हणाले, सर रिक्षा आणायला गेलेत, येतीलच. फार थकलेले होते. मी म्हटलं, थांबा, बाबांना घेऊन येते. घरी आले तर गाठोडी बांधलेली. बाबांनी हात धरला, सरळ उधना स्टेशन, नंदुरबारची गाडी. मी बोललेच नाही, काका तिकडे बसलेत म्हणून. गाडीत चढेपर्यंत एकदाही नाही."

हंडा भरून वाहत होता. तिने बाजूला घेतला.

"कुणीच काही म्हणालं नाही मला. तुम्ही एकट्यांनी शून्य दिलं. बरोबर दिलंत. आता ते खोडू नका."

तिने अर्ज परत दिला, मी खिशात ठेवला.

तीच म्हणाली, "तुम्ही निदान शोधत तरी होतात. मिळाली नसेल. कुणालाच मिळत नव्हती."

माझंच वाक्य. वीस एप्रिलला याच वहीत लिहिलेलं.

म्हटलं, "बघ, विचार कर." आणि निघालो.

१३ जून

कादंबरी पुन्हा वाचली. नायक कुणाला काही सांगत नाही. त्याचं गप्प राहणं मी वीस वर्षं मोठेपणा म्हणून शिकवलं. खाली रेघा मारून.

पलीकडच्या काठावर किती माणसं होती ते शोधलं. कुठे आकडासुद्धा नाही.

१४ जून

गेलो नाही. बस स्टॉपवरून परत आलो.

१५ जून

सकाळी कोसाडला रिक्षाने गेलो. चंचल डबा घेऊन रस्त्यावर उभी, टेम्पो यायचा होता. मी तिला वहीतही न लिहिलेलं खरं सांगितलं, त्या दिवशी रिक्षा मिळाली होती. चौकातच मिळाली, एक मिनिटही शोधावी लागली नाही. तीच घेऊन घरी गेलो, विजयाला बसवलं, त्याच रिक्षाने एसटी स्टँडवर गेलो. शाळेवरून गेलो. पांडुरंग पायरीवर होता. रिक्षा बघून उठला.

टेम्पो आला. तिने अर्ज मागितला, टेम्पोच्या पत्र्यावर ठेवून सही केली. मग 'बेरजेत चूक' यावर रेघ मारली, आणि पेन माझ्या हातात दिलं.