बावीस हात

हर्णे, ता. १२ ऑक्टोबर १९३१

चि. काशीराम यास गुणाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र परवाच्या टपालानं पोचलं. वाचून झाल्यावर तुझी आई म्हणाली, पुन्हा वाचा. तिसऱ्या खेपेला भिकाजी तांडेलही येऊन बसला. तीन पानं ट्रामगाडीवर आणि माशाबद्दल एक ओळ नाही, तिकडे समुद्र आहे ना, असं त्याचं विचारणं आहे.

ग्लासगोच्या कॉलेजात तू हर्ण्याच्या मचव्याचा छोटा नमुना करून हौदात सोडणार, हे वाचल्यापासून मला काम सुचत नाही. नमुना नीट तरंगला तरच पुढच्या वर्षी गोदीत तुला जागा, हे ध्यानात ठेवून मापं देतो. मी बांधलेला भिकाजीचाच मचवा घे. लांबी बावीस हात, रुंदी सहा हात. उंची पाच फूट दोन इंच. उंचीसाठी कस्टमच्या कारकुनाची टेप मुद्दाम मागून आणली. खिळ्यांच्या पुडीच्या कागदांवर अक्षरं शिकलेल्या माणसालाही फूट-इंच कळतात, हे तुझ्या साहेबाला दिसू दे. लांबी-रुंदीला टेप कशाला? ती मला तोंडपाठ आहे. नकाशा मी जन्मात काढला नाही आणि माझं एक गलबत कधी कललं नाही.

थंडीला जप. आईनं मसाल्याचा डबा पाठवला आहे. ममता आहेच, ती वाढती राहो, हा आशीर्वाद.

ग्लासगो, ता. ९ नोव्हेंबर १९३१

ती. बाबांस काशीरामचा सा. न. वि. वि. भिकाजीकाकांना सांगा, मासा मिळतो. हेरिंग म्हणतात, आपल्या तारलीच्या जातीचा. घरमालकीणबाई तो धुरावर धरून अळणीच वाढतात. मी वरून आईचा मसाला चोळतो आणि त्या उठून खिडकी उघडतात. सकाळी ओटच्या पिठाची पेज. नकाशे काढताना बोटं आखडतात, पण खिडकीतून गोदीतल्या हातोड्यांचा आवाज येतो आणि बसल्या जागी अंगात ऊब येते. गेल्या मंगळवारी चारशे फुटी जहाज पाण्यात उतरताना पाहिलं. ओरडून घसा बसला.

काल आपला मचवा हौदात सोडला. शीड चढवलं आणि तो एका अंगावर आडवा झाला. वर्ग हसला. प्रोफेसरसाहेब हसले नाहीत. म्हणाले, खरी होडी अशी असती तर तुझे वडील अजून बांधत बसले नसते. चूक कुठे आहे ती शोध. १५ जानेवारीपर्यंत मुदत दिली आहे. हात मी पुस्तकाप्रमाणे अठरा इंचांचा धरला होता. बाबा, रागावू नका, पण मापं पुन्हा एकदा पाहाल का? धाकट्या बहिणीस, बकुळेस आशीर्वाद. आपली मायेची नजर असावी.

हर्णे, ता. ४ डिसेंबर १९३१

चि. काशीराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या पत्रानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझी आई म्हणाली, रुसून मचवा सरळ होणार आहे का? तेव्हा टेप घेऊन बंदरावर गेलो. मचवा तेल लावायला वर ओढलेलाच होता. बावीस हात म्हणजे छत्तीस फूट आठ इंच भरले. टेप उलटी धरून पाहिली, तरी तेवढेच. भिकाजी म्हणाला, मिस्त्री, टेप खोटी असेल. मग मी कोपरापासून मधल्या बोटापर्यंत टेप लावली. माझा हात पुरा वीस इंचांचा आहे.

पुस्तकातला माणूस ठेंगू आहे. तरी चूक माझीच. लांबी-रुंदी माझ्या हातानं आणि उंची कारकुनाच्या टेपेनं, अशी दोन मापं मी एका होडीत घातली, तीही मिरवण्यापायी. तुझा मचवा अरुंद झाला आणि उंच राहिला. आडवा होईल नाही तर काय?

सोबत सुतळी आहे. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे माझा हात. माशाच्या तेलाचा वास येईल, घरमालकीणबाईंची माफी माग. तू मापात चुकला नाहीस, हे चारचौघांत सांगितलं आहे. जिवाला सांभाळ, हा आशीर्वाद.

ग्लासगो, ता. १६ जानेवारी १९३२

ती. बाबांस सा. न. वि. वि. उभा राहिला, बाबा. शीड चढवलं, पंख्याचा वारा दिला, कलला आणि आपणहून सरळ झाला. हसणाऱ्यांनीच टोप्या उडवल्या. गोदीतली जागा मिळाली. प्रोफेसरसाहेबांनी नकाशा मागितला, मी सुतळी दिली. त्यांनी ती हुंगली, मोजली आणि नमुन्याशेजारी काचेच्या कपाटात ठेवली. त्याआधी मी माझा हात तिला लावून पाहिला. दीड बोट कमी पडला. आईस व आपणांस पुन्हा नमस्कार. आशीर्वाद असू द्यावा.

हर्णे, ता. १० फेब्रुवारी १९३२

चि. काशीराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र बंदरावर उभ्यानं वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुझ्या आईनं साखर वाटली. भिकाजी आता स्वतःला विलायतेतल्या मचव्याचा तांडेल म्हणवतो.

शिमग्यानंतर नव्या मचव्याचं लाकूड मांडतो आहे. तुझ्या हाताची सुतळी पाठव. दीड बोट कमी असली तरी चालेल, या खेपेला सगळी मापं तिनंच घेईन. गाठी मात्र घट्ट मार.